दशमीचा बेत

आमच्या घरात गेले तीन महिने एका दिवसाची तयारी चालली आहे. दिवस एकच, पण त्याच्यापायी रेल्वेचे वेळापत्रक, पंचांग, गोव्याचा नकाशा आणि आजीच्या गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली अशा चार वस्तू बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर कायमच्या मुक्कामाला आल्या आहेत. आलेगेले विचारतात, "कुठं, काशीला का?" आम्ही सांगतो, "नाही, पेडण्याला." मग ते आमच्याकडे जरा निरखून पाहतात. बेळगावहून गोव्याला जाणे ही काय तीन महिने ठरवायची गोष्ट आहे? सकाळी चोर्ला घाट उतरावा, दुपारी मासे खावेत, रात्री परत यावे. शेकडो बेळगावकर दर रविवारी हेच करतात.

पण आमचा बेत तसा नाही. त्याचे मूळ जर्मनीत आहे. माझी आतेबहीण तिकडे माइन्झला शिकते. उन्हाळ्यात तिने ऱ्हाइन नदीवर एक दिवस घालवला आणि त्याची छायाचित्रे फोनवर पाठवली. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंत बोटीने जायचे आणि त्याच काठाने आगगाडीने परत यायचे. पासष्ट किलोमीटरांच्या त्या खोऱ्यात दोन्ही तीरांवर चाळीसएक किल्ले आहेत म्हणे. एक तर नदीच्या अगदी मधोमध, खडकाच्या बेटावर, दगडी जहाजासारखा उभा. आजीने चष्मा पुसून तो बारकाईने पाहिला आणि विचारले, "एवढे किल्ले नदीकाठी कशाला?"

आतेबहिणीने सांगितले, की हे बरेचसे किल्ले जकातीसाठी होते. नदीत साखळी लावायची, नाव अडवायची, पैसे घ्यायचे आणि सोडायची. मधल्या बेटावरच्या किल्ल्यातली वसुली तर १८६६ पर्यंत चालू होती.

"म्हणजे तरीवरचा नाका," आजी म्हणाली. "असले किल्ले आमच्याकडेही आहेत. मला एकदा दाखवा."

बाबा म्हणाले, "आई, किल्ला आणि आगगाडी दोन्ही पाहिजे तर कॅसलरॉकला नेतो. नावातच दोन्ही आले." बेळगावच्या माणसाला हा विनोद सुचणारच. कॅसलरॉकला किल्ला नाही, किल्ल्यासारखा दिसणारा खडक आहे, हे आपण सगळे जाणतो. आजी हसली नाही. तिने फक्त "कॅसलरॉकला सामान तपासायचे" एवढेच म्हटले आणि ती आत गेली. पुढे मी चौकशी केली तेव्हा कळले, की पोर्तुगीज अमदानीत खरोखरच कॅसलरॉकला आपले आणि कुळ्याला त्यांचे असे दोन कस्टम नाके होते, आणि १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत ही रेल्वे सरहद्दीवर बंदच होती. आजीच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याचा अर्थ लावायला मला असे ग्रंथालयात जावे लागते.

बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात इतिहास हा विषय घेतलेला मी एकटाच. मी नकाशा पसरला आणि पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट ध्यानात आली. आपल्या डोळ्यांसमोर किल्ला म्हटला की राजगड येतो, येळ्ळूरचा राजहंसगड येतो; उंच, एकाकी, वाऱ्यावरचा. गोव्याच्या उत्तरेकडचे किल्ले बव्हंशी तसे नाहीत. ते पाण्याशी बसलेले आहेत. तेरेखोल नदीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला. शापोरा नदीच्या मुखावर शापोऱ्याचा. त्याच नदीने आत गेले, की दक्षिण तीरावर कोलवाळ आणि आणखी आत उत्तर तीरावर हळर्ण. मांडवीच्या बाजूला खाडीच्या फाट्यावर खोर्जुवे. यांतल्या कोणत्याच किल्ल्याला फारशी उंची नाही, कारण त्यांचे काम आकाशाशी नव्हते. कोण नदी ओलांडतो आहे हे पाहणे, आणि जमल्यास त्याला ओलांडू न देणे, हे त्यांचे काम.

ह्याला कारण आहे. बार्देस, तिसवाडी आणि साष्टी हे पोर्तुगिजांचे जुने मुलूख. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल त्यांच्याकडे फार उशिरा आले. डिचोली १७८१ मध्ये, पेडणे १७८८ मध्ये. तोवर शापोरा नदी ही सरहद्द होती. अलीकडे फिरंगी, पलीकडे सावंतवाडीकर भोसले. तेरेखोल भोसल्यांनी बांधला, हळर्णही त्यांचाच. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हे दोन्ही किल्ले घेतले आणि त्या पराक्रमाबद्दल त्याला पोर्तुगालच्या राजाने नवा किताब दिला: 'मार्केझ द आलोर्ना', म्हणजे हळर्णचा सरदार! पुढे त्याची नात मार्केझा द आलोर्ना या नावाने पोर्तुगीज भाषेतली नामांकित कवयित्री झाली. लिस्बनच्या काव्यसंग्रहांत ज्या गावाचे नाव छापले जाते, ते आपल्या पेडणे तालुक्यात, शापोऱ्याच्या काठी, माडांच्या आड आहे. मी हे आजीला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "हळर्णला माझ्या चुलत मावशीचं सासर. तिथली वांगी चांगली."

तर पहिला आराखडा असा झाला. आदल्या दिवशी आजीच्या माहेरी मुक्काम. तिचे माहेर किरणपाण्याजवळ, तेरेखोल नदीच्या काठी. सकाळी केरीच्या धक्क्यावरून फेरीने तेरेखोलला, तिथून परत येऊन हळर्ण, मग आगगाडी, मग मांडवीवरच्या दोन फेऱ्या, आणि डिचोली-साखळीवरून चोर्ला घाटाने घरी. (गोव्यात केरी नावाची एकाहून अधिक गावे आहेत. चोर्ला उतरल्यावर लागते ती सत्तरीतली. फेरीची ती पेडण्यातली. कुणाला वाट विचारलीत तर हे आधी स्पष्ट करा.)

तेरेखोलवर माझा विशेष जीव होता. नदीच्या उत्तर तीरावर, तिन्ही बाजूंनी सिंधुदुर्ग जिल्हा आणि पाणी असताना, एवढाच एक तुकडा गोव्याचा आहे, तो केवळ ह्या किल्ल्यामुळे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी इथे शिरून किल्ल्यावर तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा तुकड्या आल्या तेव्हा गोळीबार झाला; पनवेलचे हिरवे गुरुजी तिथे पडले. किल्ला इवलासा आहे. आत सेंट अँटनीचे चर्च आणि तटावरून समोर केरीची वाळू. पण मला वाटते, मोठे किल्ले पाहून झालेल्या माणसाने मुद्दाम एकदा असा किल्ला पाहावा.

मी आराखडा मोठ्याने वाचून दाखवला. आजीने सगळा ऐकून घेतला. मग विचारले, "यात किरणपाणी कुठं आहे?"

"मुक्काम तिथंच आहे की!"

"मुक्काम नव्हे. पाणी. पलतड."

त्या रात्री तिने जे सांगितले ते आमच्या घरात कुणालाच धड ठाऊक नव्हते, बाबांनाही नाही. आजीचा जन्म १९४९ चा. तिची आई, म्हणजे माझी पणजी, आरोंद्याची. आरोंदा किरणपाण्याच्या बरोबर समोर, नदीच्या पैलतीरावर. आज ते महाराष्ट्रात आहे. लग्न झाले तेव्हा सासर फिरंग्यांच्या राज्यात आणि माहेर सावंतवाडी संस्थानात, पण मध्ये फक्त नदी, आणि होडीचे चार आणे. पणजी सणाला माहेरी जायची, कधी नुसती सुपारी आणायला जायची. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत सरकारने सरहद्द बंद केली. होडी थांबली. परवाने होते, पण ते कुणाला आणि कसे मिळत हे नदीकाठच्या बायकांना कधी समजले नाही. संध्याकाळी कामे आटोपली की पणजी धक्क्यावर येऊन बसायची. तिच्या माहेरच्या घराची कौले तिथून दिसत. पावसाळ्यानंतर शाकारणी झाली की नवी कौले लाल दिसायची, तेवढी खुशाली.

१९५८ मध्ये पणजीची आई वारली. बातमी किरणपाण्याला चौथ्या दिवशी पोचली, चोरवाटेने माल आणणाऱ्या एका माणसाकडून. कौले त्या चारही दिवशी दिसत होती.

आजी तेव्हा नऊ वर्षांची. "आई रडली नाही," ती म्हणाली. "अंघोळ केली आणि धक्क्यावर जाऊन बसली. मी पदर धरून बसले."

पुढे डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. माघार घेताना पोर्तुगीज फौजेने डिचोली आणि अस्नोडा इथले पूल उडवले, असे इतिहासात वाचायला मिळते. नदी आडवी टाकून शत्रूला थोपवायचे, हाच शेवटपर्यंत त्यांचा डाव. काही आठवड्यांनी होड्या पुन्हा सुरू झाल्या. पणजी पहिल्या संधीला गेली. आजीला नेमका ताप होता, तिला मागे ठेवले. नंतर शाळा, नंतर बेळगावला लग्न, नंतर आरोंद्याला पूल. पुलावरून ती कितीदा तरी गेली आहे. पाण्यावरून त्या जागी एकदाही नाही.

"पुलावरून गेलं की नदी कळत नाही," ती म्हणाली. "आई जिथं बसायची तिथून मला जायचंय."

यानंतर आमच्या बेतातले तेरेखोल आपसूक दुसऱ्या क्रमांकावर गेले.

आता अडचण वेळेची. आपण नदीला रस्ता समजतो, पण ह्या नद्यांना दिवसातून दोनदा समुद्र उलटा ढकलतो. भरतीला पाणी आत चढते, ओहोटीला उतरते. पूर्वीची गलबते आणि पडाव ह्याच ओढीवर चालत. भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर, वल्ह्याचे श्रम कमी. ओहोटी फार लागली तर केरीची फेरीसुद्धा थांबते आणि होडीला काठाशी चिखल लागतो. आजीचे गुडघे आणि चिखल यांची गाठ पडू द्यायची नाही, म्हणजे पाणी भरलेले असतानाच निघायला हवे.

मी फोनवर भरतीची वेळ शोधू लागलो. आजीने पंचांग ओढले. कोकणातल्या तारी लोकांचा एक हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अमावास्या-पौर्णिमेला साधारण बारा. मी पडताळून पाहिले. अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येते. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागून चालते, हे आम्ही अकरावीला भूगोलात शिकलो होतो. पण त्या धड्याचा असा पाढा होऊ शकतो हे तेव्हा कुणी सांगितले नाही.

आम्हाला भरती सकाळी आठच्या सुमारास हवी होती. अकराला पाऊणने गुणले की सव्वाआठ. एकादशी! मी आनंदाने जाहीर केले. आजीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी तिच्या वंशाचा आहे याची तिला शंका यावी. "एकादशीला पेडण्याला जायचं आणि रताळी खायची?" म्हणून दशमी. साडेसातला भरती पूर्ण, दीड-पावणेदोनला तळाची ओहोटी. साडेसातला किरणपाणी, नऊच्या आत केरी-तेरेखोल, दहापर्यंत परत. मार्गशीर्ष शुद्ध दशमी ठरली. पाऊस गेलेला असतो, हवेत गारवा असतो, आणि रेल्वेचे पावसाळी वेळापत्रकही संपलेले असते.

नदीचे घड्याळ जुळले तर आगगाडीचे अडले. कोकण रेल्वेचे पेडणे स्थानक सुंदर आहे, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे न थांबता निघून जातात. पेडण्याने ह्या रेल्वेला जेवढा त्रास दिला तेवढा क्वचित कुठल्या गावाने दिला असेल. स्थानकाच्या उत्तरेला दीड किलोमीटरचा बोगदा आहे. लांबीत रत्नागिरीकडच्या करबुड्यापुढे तो काहीच नाही. पण इथे कातळ नव्हता, भिजलेली मऊ माती होती. खणावे आणि वरून ढासळावे, असे वर्षानुवर्षे चालले. बाकीचा मार्ग तयार होऊन ह्या बोगद्यासाठी खोळंबला, तेव्हा कुठे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण रेल्वे सुरू झाली. त्यानंतरही ऑगस्ट २०२० मध्ये आतल्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये पाणी शिरून गाड्या बंद पडल्या. नद्यांवर पूल बांधून झाले, पण पेडण्याच्या मातीने आपला नाका सोडला नाही, असे मी म्हटले तर आमचे भूगोलाचे सर रागावणार नाहीत अशी आशा आहे.

तोडगा असा निघाला. पेडण्यापेक्षा थिवीला जास्त गाड्या थांबतात. हळर्ण पाहून कोलवाळच्या पुलावरून शापोरा ओलांडून थिवीला यायचे. थिवी हेही जुन्या सरहद्दीवरचे ठाणे. शापोऱ्याच्या बाजूने घुसणाऱ्याला अडवायला पोर्तुगिजांनी सतराव्या शतकात इथे कोट बांधला होता. तिथून करमळीला थांबणारी गाडी धरायची. प्रवास अर्ध्या तासाचाही नाही, पण ह्या टप्प्यात रेल्वे मांडवी ओलांडते, आणि खिडकीतून दिवाडीचे बेट, खाजणे, टेकडीवरचे चर्च असे सगळे एकदम दिसते. बाबांना मात्र गाडी मिळणार नाही. ते थिवीहून जीप घेऊन अस्नोडा-डिचोलीच्या रस्त्याने पुढे येणार. "म्हणजे तुम्ही ऱ्हाइन, मी ड्रायव्हर," ते म्हणाले. पण ते मनातून खूश असावेत, कारण जीप मागून आणण्याचे काम त्यांनीच आपणहून केले.

खोर्जुव्याचा छोटा किल्ला मला फार पाहायचा होता. पुरुषाच्या वेषात लढलेल्या एका स्त्री-सैनिकाची गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. पण तो ह्या ओळीत बसेना, आजीला दोन चढ एका दिवसात नकोत, म्हणून सोडला.

करमळीपासून जुने गोवे जवळ. तिथल्या धक्क्यावरून फेरीने दिवाडी बेटावर जायचे, बेट आडवे ओलांडायचे आणि पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरायचे. पायी माणसाला गोव्याच्या फेरीत तिकीट नाही. ऱ्हाइनच्या बोटीचे भाडे ऐकल्यावर ही गोष्ट आम्ही आतेबहिणीला दोनदा सांगितली. मांडवीच्या ह्या पट्ट्यात एके काळी डिचोलीच्या खाणींतले खनिज नेणाऱ्या बार्जांची रांग लागलेली असे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तशी ती ओसरली. अलीकडे काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत.

नार्वे हे डिचोली तालुक्यातले गाव, आणि तिथे आमच्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांचे काम आहे. श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत. कदंबांच्या नाण्यांवर त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. हेच कदंब आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीहूनही राज्य करीत. म्हणजे नार्व्याचा देव आणि हलशीचा नरसिंह एकाच घराण्याच्या ओवरीतले. माझ्या कन्नड विभागातल्या मित्राला हे कळताच त्याने आमच्या जीपमधली एक जागा परस्पर राखून टाकली आहे.

देवाचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले, तेव्हा भक्तांनी लिंग नदीपलीकडे नेले. ज्या पाण्यावरून आमची फेरी जाणार तेच हे पाणी. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याचे देऊळ नव्याने उभारण्याची आज्ञा केली. तसा शिलालेख तिथे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुले झाले. हा मजकूर मी आजीला वाचून दाखवला तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "देवालासुद्धा रातोरात होडी मिळाली होती." त्यावर आमच्यापैकी कुणी काही बोलले नाही.

राहता राहिला होडीचा प्रश्न. बाबांचा विरोध होता. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन्ही गुडघे गेलेले, आणि पूल डोळ्यांसमोर असताना होडी कशाला? आजीने वाद घातला नाही. तिने तेलाची बाटली उचलली आणि रोज एकाऐवजी दोन वेळा गुडघे चोळायला सुरुवात केली. आठ दिवसांनी बाबांनी स्वतःच किरणपाण्याला फोन लावला. तिथले काका म्हणजे बाबांचे मामेभाऊ. त्यांची मासेमारीची होडी आहे. ते म्हणाले, "आत्याला पाटावर बसवून नेतो. काळजी करू नको." बाबांनी तीन अटी घातल्या: सगळ्यांनी तरंगती जाकिटे घालायची, वारा असला तर जायचे नाही, आणि मी होडीत आजीला धरून बसायचे. आजीने एकच विचारले, जाकीट पदरावरून घालायचे की पदराच्या आत.

दशमीला अजून अवधी आहे. हा लेख संपादकांकडे त्याआधी द्यावा लागतो, त्यामुळे तेरेखोलच्या तटावरून काय दिसले हे ह्या अंकात लिहिता येणार नाही. टेबलावरचा आराखडा आता सहाव्या खेपेला लिहिला आहे. आजीने त्यात आरोंद्याच्या बाजूला दहा मिनिटे वाढवून घेतली. घर आता दुसऱ्यांचे आहे आणि कौलांच्या जागी स्लॅब आला आहे, हे तिला माहीत आहे. काकांनी काल कळवले, की पलतडीला उतरायला धक्का आहे, फक्त भरतीला पायऱ्या किती उघड्या राहतात ते मोजून सांगतो. त्यांचा फोन आज संध्याकाळी यायचा आहे.